कार्ड बदलले, अडखळणे तेच

वाचकाचे पत्र, थोडक्यात

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून २३ वर्षांच्या वाचकाने लिहिले आहे. घरची शेती सांभाळून ते ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे आणि लग्नाचे व्हिडिओ जुळवून देण्याचे काम करतात. त्यांचा संगणक एका बंद पडलेल्या कार्यालयातून घेतलेला, जुना आहे: इंटेलचा आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबीची एकच डीडीआर३ रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १० आणि ६० हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर. त्यात जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड होते. यंदा कापसाच्या चुकाऱ्यातून वडिलांनी दिलेले पैसे आणि स्वतःची बचत एकत्र करून त्यांनी नागपूरहून आरएक्स ६६०० हे नवे कार्ड पक्क्या बिलावर आणले. जुन्या एसएमपीएसला (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याला) कार्डाची आठ पिनांची वायर नव्हती, म्हणून दुकानदाराने एक जोडवायर दिली. कार्ड बसवल्यावर मात्र व्हॅलोरंट या गेमचे एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स, म्हणजे चित्रे) जवळजवळ पूर्वीइतकेच राहिले, जीटीए ५ शहरात गाडी पळवताना क्षणभर थांबतो आणि रेड डेड रिडेम्प्शन २ मध्ये वस्तीत शिरले की हिसके बसतात. दुकानदार ६५० वॅटचा नवा एसएमपीएस घ्यायला सांगतो, मित्र गावच्या व्होल्टेजला दोष देतात, मोठे भाऊ म्हणतात की फसवणूक झाली आहे, तोटा सोसून कार्ड विकून टाक. वडील रागावले नाहीत, पण ‘मग फरक काय पडला?’ एवढे त्यांनी विचारले आणि त्याचे उत्तर देता आले नाही, याचे वाचकाला वाईट वाटते. कार्ड परत करावे, विकावे की याहून मोठे घ्यावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर

तुम्ही संगणकाचा प्रत्येक भाग नावानिशी लिहून पाठवला, हे फार चांगले केले, कारण तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या यादीतच आहे. ती वाचून माझे मत असे झाले आहे की तुमचे कार्ड बहुधा निर्दोष आहे, दुकानदाराने तुम्हाला फसवलेले नाही आणि याहून मोठे कार्ड घेतले तर आज जे दिसते तेच पुन्हा दिसेल. तरीही माझ्या मतावर विसंबून एक रुपयाही खर्च करू नका. ज्या तपासण्या मी पुढे सांगतो त्यांना पैसे लागत नाहीत, एखादी संध्याकाळ लागते, आणि त्या झाल्यावर दुकानदार, मित्र आणि भाऊ यांच्यापैकी कोणाचे किती खरे ते तुमचे तुम्हालाच कळेल.

आधी ज्या समजुतीवर तुमचा सगळा प्रश्न उभा आहे तिच्याकडे पाहू. गेमचा वेग ग्राफिक्स कार्ड ठरवते, म्हणून कार्ड वाढवले की वेग वाढलाच पाहिजे, असे तुम्ही धरून चालला आहात. प्रत्यक्षात पडद्यावरची प्रत्येक फ्रेम दोघांच्या हातून जाते. गाड्या, माणसे, गोळ्या, टकरी यांचा हिशेब करून ‘आता हे चित्र काढ’ असा हुकूम प्रोसेसर देतो आणि त्यानंतर कार्ड ते चित्र रंगवते. सेकंदाला ६० फ्रेम्स हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. प्रोसेसरला आपला वाटा उरकायला २० मिलिसेकंद लागत असतील तर सेकंदाला ५० फ्रेम्सच निघणार, मग कार्ड आपले काम पाच मिलिसेकंदांत करो की पंधरात. जिनिंगमध्ये दुप्पट क्षमतेचे नवे यंत्र बसवले, पण त्यावर कापूस टाकणारे हात तेवढेच ठेवले, तर दिवसाअखेरीस रुई तेवढीच निघते. तुमच्या संगणकात आज हेच घडत असावे. आय५-४४६० हा २०१४ सालचा, चार कोअर (काम करणारे भाग) आणि चारच थ्रेडचा, म्हणजे एका वेळी चारच कामे हाताळणारा प्रोसेसर आहे, तर आरएक्स ६६०० हे ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेले कार्ड आहे. १०५० टीआय होते तेव्हा बहुतेक खेळांत कार्ड मागे पडत होते आणि प्रोसेसर वाट पाहत होता. आता वाट पाहण्याची पाळी कार्डावर आली आहे.

यूट्यूबवर पाहिलेल्या चाचण्यांत याच कार्डाचे आकडे कितीतरी मोठे होते, असे तुम्ही लिहिता. ते आकडे खोटे नाहीत. कार्डाची चाचणी घेणारे लोक मुद्दाम उपलब्ध असलेला सर्वांत वेगवान प्रोसेसर वापरतात, म्हणजे कार्डाच्या आड दुसरे काही येत नाही आणि दोन कार्डांची तुलना प्रामाणिक होते. अशी चाचणी कार्डाची कमाल क्षमता सांगते. तुमच्या संगणकात काय मिळेल हे सांगण्याचा तिचा हेतूच नसतो. कार्ड घेण्यापूर्वी शोधायचे ते आपल्याच प्रोसेसरबरोबर त्या कार्डाची केलेली चाचणी. हे पत्र वाचणाऱ्या आणि खरेदीच्या विचारात असलेल्या प्रत्येकाने एवढे जरूर करावे.

तुम्ही सांगितलेल्या तीन खेळांची लक्षणेही याच दिशेने बोट दाखवतात. व्हॅलोरंट साध्याशा संगणकावरही चालावा म्हणून हलका बनवलेला गेम आहे. त्यात चित्र रंगवण्याचे काम थोडे आणि प्रोसेसरचे काम जास्त, त्यामुळे कार्ड बदलून तिथे फरक पडत नाही हे अपेक्षितच आहे. शिवाय तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे, म्हणजे तो सेकंदाला ६० पेक्षा जास्त चित्रे दाखवूच शकत नाही. रेड डेड रिडेम्प्शन २ च्या निर्मात्यांनी शिफारस केलेल्या संगणकात आय७-४७७०के प्रोसेसर, १२ जीबी रॅम आणि ६ जीबीचे जीटीएक्स १०६० कार्ड आहे. आता स्वतःचा संगणक त्याशेजारी ठेवून पाहा: कार्ड शिफारशीच्या वर गेले, पण प्रोसेसर आणि रॅम दोन्ही शिफारशीच्या खालीच राहिले.

तपासणीची सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून करा. मॉनिटरची एचडीएमआय वायर कॅबिनेटच्या मागे कुठे लावली आहे ते पाहा. तुमच्या प्रोसेसरमध्ये स्वतःचे छोटे ग्राफिक्स आहे, आणि वायर चुकून मदरबोर्डच्या जागेत लागली तर नवे कार्ड बाजूला राहून चित्र तिथून येऊ शकते. ही चूक जाणत्या लोकांच्याही हातून होते, म्हणून ती पाहण्यात संकोच नको. त्यानंतर ड्रायव्हर. तुम्ही एनव्हिडियाचे कार्ड काढून एएमडीचे बसवले आहे आणि जुन्या ड्रायव्हरचे अवशेष मागे राहिले असतील तर विचित्र अडथळे येतात. ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ या नावाचे मोफत साधन आहे. विंडोज सेफ मोडमध्ये सुरू करून त्याने जुने सगळे साफ करा आणि मग एएमडीच्या संकेतस्थळावरून घेतलेला ड्रायव्हर बसवा. ड्रायव्हरची फाइल मोठी असते, म्हणून ती आधीच उतरवून ठेवा आणि सफाईच्या वेळी इंटरनेट बंद ठेवा, नाहीतर विंडोज मध्येच आपल्या मनाने दुसरा ड्रायव्हर बसवते. नवा ड्रायव्हर बसल्यावर काही गेम पहिल्या खेपेला जास्त अडखळतात, कारण शेडर, म्हणजे चित्र रंगवण्याचे छोटे प्रोग्राम, नव्याने तयार होत असतात. त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासावरून निष्कर्ष काढू नका.

आता मुख्य मोजमाप. ‘एमएसआय आफ्टरबर्नर’ आणि त्याच्यासोबत येणारे ‘रिव्हाट्यूनर’ ही दोन्ही मोफत आहेत आणि ती कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालतात. खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर, प्रत्येक कोअरचा वापर, रॅम, तापमान आणि फ्रेम टाइम (एका फ्रेमला लागलेला वेळ) हे आकडे दिसतील असे लावून घ्या. कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड आपली पूर्ण ताकद लावत आहे. तो ५०-६० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि त्याच वेळी चारपैकी एखादा कोअर जरी शंभरीला टेकला असेल, तर प्रोसेसर मागे पडला आहे. इथे एक ठेच नेहमी लागते: प्रोसेसरचा एकूण वापर ७० टक्के दिसतो आणि माणूस म्हणतो की अजून ३० टक्के शिल्लक आहेत. गेमचा मुख्य थ्रेड एकाच कोअरवर धावतो आणि तो कोअर भरला की बाकीचे रिकामे असून उपयोग होत नाही, म्हणून प्रत्येक कोअरचा आकडा वेगळा पाहायला हवा.

याची खातरजमा करणारी दुसरी चाचणी त्याहून सोपी आहे. गेमचे रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणा. कार्डाचे काम निम्म्याहून कमी होईल. तरीही एफपीएस जिथल्या तिथे राहिले तर मर्यादा कार्डाची नाही, हे सिद्ध झाले. फक्त ही चाचणी करताना व्ही-सिंक (फ्रेम्स मॉनिटरच्या वेगाशी जुळवणारी सोय) आणि फ्रेम मर्यादा दोन्ही बंद ठेवा, नाहीतर आकडा ६० वरच अडून बसेल आणि तुमची दिशाभूल होईल. याच कारणाने एफएसआरसारख्या, म्हणजे कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून ते मोठे करणाऱ्या, सोयी चालू करूनही तुम्हाला फायदा झाला नसेल. त्या कार्डाचा भार हलका करतात आणि तुमच्याकडे भार दुसरीकडे आहे.

सरासरी एफपीएसकडे पाहून समाधान मानू नका किंवा दुःखही करू नका. सेकंदाला सरासरी ७० फ्रेम्स असल्या आणि त्यातली एखादी १०० मिलिसेकंद लटकली, तर हाताला जाणवते ती तीच. जीटीए ५ मध्ये गाडी पळवताना येणारा तुमचा थांबा मला याच जातीचा वाटतो आणि त्यात प्रोसेसरच्या बरोबरीने रॅम व हार्ड डिस्क यांचाही हात असावा. ८ जीबीतला मोठा वाटा विंडोज आणि मागे उघडा राहिलेला ब्राउझर घेतो. रॅम भरली की विंडोज उरलेला माल हार्ड डिस्कवर ठेवू लागते आणि फिरत्या तबकडीच्या डिस्कला एखादा तुकडा शोधून वाचायला दहा-बारा मिलिसेकंद सहज लागतात. एका फ्रेमचे सगळे १६.७ मिलिसेकंद जवळजवळ तिथेच संपतात, आणि शहरातून वेगाने जाताना असे तुकडे एकामागून एक लागतात. त्यातच तुमची रॅम एकच पट्टी आहे. डीडीआर३-१६०० ची एक पट्टी सेकंदाला १२.८ जीबी माल देऊ शकते, दोन पट्ट्या जोडीने २५.६. हा फरक फक्त कागदावरचा नाही. प्रोसेसर अडलेला असतो तेव्हा तो खेळताना जाणवतो.

मदरबोर्डविषयीही बोलले पाहिजे, कारण ही गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. आरएक्स ६६०० ला पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातल्या जोडणीच्या, आठच लेन (माल वाहणाऱ्या वाटा) आहेत आणि ते चौथ्या पिढीच्या स्लॉटसाठी बनवलेले आहे, जिथे त्याला सेकंदाला सुमारे १६ जीबीचा रस्ता मिळतो. तुमचा एच८१ बोर्ड दुसऱ्या पिढीचा स्लॉट देतो, म्हणजे तोच रस्ता सुमारे ४ जीबीचा उरतो. कार्डाच्या स्वतःच्या ८ जीबी मेमरीत गेमचा माल मावतो तोवर याचा त्रास मर्यादित असतो. टेक्स्चर फार चढवून ती मेमरी ओसंडली की मात्र हिसके वाढतात. ‘जीपीयू-झेड’ या छोट्या साधनात ‘बस इंटरफेस’ या ओळीत हा वेग दिसतो, पण कार्ड निवांत असताना तो कमी दाखवला जातो, म्हणून शेजारच्या प्रश्नचिन्हावरून चाचणी लावून मग वाचा. त्याच खिडकीत शेडर्सची (इथे अर्थ कार्डातले हिशेब करणारे घटक) संख्या १७९२ दिसली तर कार्ड खरे आरएक्स ६६०० आहे. तुमच्या भावांची फसवणुकीची शंका अनाठायी नाही. बाजारात जुन्या कार्डांचे बायोस (कार्डाची ओळख सांगणारा आतला प्रोग्राम) बदलून ती नव्या नावाने विकली गेली आहेत आणि २०४८ शेडर्सचे आरएक्स ५८० हे २३०४ वाल्या मूळ कार्डाच्या नावाखाली खपवले गेले आहे. म्हणून ही खात्री त्यांना शेजारी बसवून करा.

आता एसएमपीएस. दुकानदाराचा सल्ला त्याने दिलेल्या कारणासाठी चुकीचा आहे, पण वेगळ्या कारणासाठी मला तो मान्य आहे. वीजपुरवठा अपुरा पडला तर संगणक बंद पडतो, आपोआप पुन्हा सुरू होतो किंवा पडदा काळा होतो. जीटीए ५ मधले क्षणभराचे थांबे त्याने येत नाहीत आणि नवा एसएमपीएस बसवून ते जाणारही नाहीत. परंतु ती जोडवायर मला अस्वस्थ करते. आरएक्स ६६०० ची ठरलेली कमाल भूक १३२ वॅटची आहे आणि तिच्यातला मोठा वाटा त्या आठ पिनांतून जातो. जोडवायरचे दुसरे टोक जर हार्ड डिस्कला लावतात त्या चपट्या साटा जोडणीचे असेल, तर त्या जोडणीची १२ व्होल्टवरची क्षमता ५४ वॅटचीच आहे, आणि ती वितळल्याची उदाहरणे आहेत. तसे असेल तर आजपासून त्या कार्डावर जड गेम चालवू नका. एसएमपीएस बदलणे हा तुमचा पहिला खर्च असायला हवा, वेगासाठी नव्हे तर सुरक्षिततेसाठी. मात्र ६५० वॅटची गरज नाही. तुमचा प्रोसेसर ८४ वॅटचा आहे. कार्ड, डिस्क, पंखे सगळे धरूनही बेरीज ३०० वॅटच्या आत राहते. कार्डाची आठ पिनांची वायर मुळातच असलेला, ८० प्लस या कार्यक्षमतेच्या मानांकनाचा, ४५० ते ५५० वॅटचा नावाजलेला एसएमपीएस पुरे. लेबलवर एकूण वॅट मोठे लिहिलेले असतात. तुम्ही १२ व्होल्टच्या रेषेवर किती वॅट मिळतात ते वाचा.

व्होल्टेजचेही असेच आहे. ओलिताच्या दिवसांत मोटारी सुरू झाल्या की दिवे मंदावतात, हे खरेच आहे, पण चांगला एसएमपीएस बाहेरचे व्होल्टेज खाली आले तरी आत १२ व्होल्ट कायम राखतो आणि त्यासाठी बाहेरून जास्त करंट ओढतो. त्याच्या आवाक्याबाहेर गेले तर तो संगणक बंद करतो. स्टॅबिलायझरने यंत्राचे रक्षण होईल, एफपीएस वाढणार नाहीत. खेड्यातल्या वीजजोडणीत मला खरी काळजी वाटते ती अर्थिंगची. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे होत असेल तर आधी वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या, आणि मृगाच्या तोंडावर विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवत चला. तुमच्याकडे ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर तो साधारण ३६० वॅटच पेलतो. नव्या कार्डानंतर गेम चालू असताना वीज गेली तर संगणक आणि मॉनिटर मिळून त्याच्या हद्दीजवळ जातील.

उन्हाळ्याचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण तुमचे पत्र मे महिन्यातले आहे आणि संगणक टिनाच्या खोलीत आहे, असे तुम्ही लिहिले आहे. बाहेर ४५ अंशांच्या वर पारा असताना अशा खोलीत प्रोसेसर तापून आपोआप वेग कमी करतो. ओळखायची खूण अशी की पहिली दहा-पंधरा मिनिटे गेम बरा चालतो आणि मग ढासळतो. तुमचा गेम पहिल्या मिनिटापासूनच अडखळत असेल तर उष्णता हे मुख्य कारण नाही, तरी तिने भर घातलेली असू शकते. प्रोसेसर ९० अंशांच्या पुढे जात असेल तर कूलर उघडून पाहा. कापसाच्या दिवसांत घरात साठवलेल्या कापसाचे तंतू धुळीबरोबर प्रोसेसरच्या पंख्याखालच्या पात्यांत जाऊन नमद्यासारखे बसतात आणि बाहेरून पाहून ते दिसत नाहीत. पंखा बोटाने धरून ब्लोअरने झटका, आणि दहा वर्षांत बदलली नसेल तर थर्मल पेस्ट नवी लावा. तिला फार पैसे लागत नाहीत. खोलीत वाळ्याचा कूलर लावता तेव्हा कॅबिनेट त्याच्या थेट झोतात ठेवू नका, कारण हवेबरोबर पाण्याचे बारीक थेंबही येतात. बाजूला ठेवा.

व्हॅलोरंटविषयी आणखी एक. ऑनलाइन गेममध्ये दोन प्रकारचे अडकणे असते. चित्र गुळगुळीत चालते पण शत्रू एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारल्यासारखा दिसतो, ते नेटवर्कमुळे. सगळे चित्रच थबकते, ते संगणकामुळे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळत असाल तर गेममधले पिंग (संदेश जाऊन येण्याचा वेळ) आणि पॅकेट लॉसचे (वाटेत हरवलेल्या माहितीचे) आकडे चालू ठेवून पाहा. त्यातला दोष कोणतेही कार्ड काढू शकत नाही.

मोजमाप माझ्या अंदाजाप्रमाणे आले तर काय करायचे? पैसे न लागणारे उपाय आधी. प्रोसेसर अडलेला असताना कार्डाकडे शिल्लक असलेली ताकद चित्राच्या दर्जावर खर्च करा: टेक्स्चर, अँटी-अलायझिंग (कडा गुळगुळीत करणे), प्रकाश यांच्या सेटिंग्ज वाढवल्या तरी एफपीएस पडणार नाहीत, आणि १०५० टीआयवर जे चित्र कधी दिसले नाही ते दिसेल. त्याउलट प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या गोष्टी, म्हणजे रस्त्यावरची गर्दी आणि लांबवरचे तपशील, कमी करा. बहुतेक लोक घाबरून सगळ्याच सेटिंग्ज खाली ओढतात आणि मग ना वेग मिळतो ना चित्र. त्यासोबत एएमडीच्या ड्रायव्हरमधून किंवा रिव्हाट्यूनरमधून ५० किंवा ६० ची फ्रेम मर्यादा घाला. सतत ५० मिळणे हे ४० आणि ९० च्या मध्ये हेलकावण्यापेक्षा डोळ्याला कितीतरी सुखाचे असते.

पैसे खर्च करायचेच तर एसएमपीएसनंतर रॅमचा क्रम लागतो. तुमच्या पट्टीसारखीच ८ जीबीची डेस्कटॉपची दुसरी डीडीआर३ पट्टी घ्या. एच८१ बोर्डाला दोनच स्लॉट असतात आणि कमाल १६ जीबी चालते, म्हणजे बोर्ड भरला. ही रॅम आता बहुतेक वापरलेलीच मिळते आणि त्यात गैर काही नाही, फक्त दुकानातच लावून पाहून घ्या. मग साटा एसएसडी: सरासरी एफपीएस तिने फारसे वाढणार नाहीत, पण थांबे कमी होतील, आणि अर्ज भरताना व व्हिडिओ उघडतानाही रोज सुख लागेल. पुढे संगणक बदललात तरी ती बरोबर येईल.

प्रोसेसरबाबत दोन वाटा आहेत आणि इथे मला थोडे थांबून विचार करावासा वाटतो. तुमच्याच बोर्डावर आय७-४७९० बसतो. चार कोअर, पण आठ थ्रेड आणि ४ गिगाहर्ट्झपर्यंत वेग. आय५-४४६० त्याच वर्षीच्या मालिकेतला असल्यामुळे बोर्ड तो ओळखेल अशी दाट शक्यता आहे. तरी बोर्ड कंपनीच्या यादीत नाव पाहून घ्या. वापरलेला स्वस्तात मिळाला तर रेड डेडमधले हिसके त्याने बरेच कमी होतील. दुसरी वाट म्हणजे बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एकदमच बदलणे, उदाहरणार्थ रायझन ५ ५६०० आणि बी५५० बोर्ड, ज्यात कार्डाला चौथ्या पिढीचा पूर्ण रस्ता मिळतो. नाव सारखे वाटले तरी रायझन ५ ५५०० तिसऱ्या पिढीवरच थांबतो, हे घेताना लक्षात असू द्या. तुमच्या जागी मी असतो तर आय७ अगदी अल्प किमतीत मिळाला तरच घेतला असता, नाहीतर रॅमवर भागवून पुढच्या हंगामापर्यंत थांबलो असतो. कारण विंडोज १० ची मोफत मदत, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ तुमच्या पिढीच्या प्रोसेसरला अधिकृतपणे स्वीकारत नाही. लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेचे तपशील ज्या संगणकावर भरले जातात, त्याच्यासाठी ही बाब गेमपेक्षा मोठी आहे. नव्या बोर्डावर आजचे कार्ड जसेच्या तसे चालेल. म्हणूनच ते तोट्यात विकणे मला योग्य वाटत नाही.

वडिलांनी विचारलेला प्रश्न रास्त आहे आणि त्याला मोजून उत्तर देता येते. १०५० टीआय अजून तुमच्याकडे असेल तर तेच गेम त्याच जागी, वाढवलेल्या सेटिंग्जवर, दोन्ही कार्डांवर चालवा आणि आकडे कागदावर लिहा. फरक ठळक दिसेल. व्हिडिओच्या कामातही पाहा: तयार व्हिडिओ बाहेर काढताना (एक्सपोर्ट) हार्डवेअर एन्कोडिंगची, म्हणजे ते काम कार्डाकडून करून घेण्याची, निवड जुन्या एनव्हिडिया कार्डाच्या नावावर राहून गेली असेल तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो, ती एएमडीची करून एका लग्नाच्या व्हिडिओला आधी किती वेळ लागत होता आणि आता किती लागतो ते मोजा. पैशांचा पुढचा टप्पा काय आणि तो का लागेल, हेही त्यांना आत्ताच सांगा. एका खरेदीने सगळे होईल असे तुम्हाला वाटले होते आणि तसे नाही, हे स्पष्ट सांगण्यात कमीपणा नाही. कापसाच्या पैशातून वाटा देणाऱ्या माणसाला पूर्ण हिशेब कळण्याचा हक्क आहे.

आणि माझा अंदाज चुकीचा ठरला तर? रिझोल्यूशन उतरवल्यावर एफपीएस चांगले वाढले आणि तरीही कार्ड ९५ टक्क्यांच्या वर वापरात असताना आकडे फारच कमी असले, तर ते तालुक्याच्या गावी एखाद्या अलीकडच्या, चांगल्या एसएमपीएसच्या संगणकात लावून पाहा. कार्यालयीन वापराचे छोटे संगणक यासाठी चालणार नाहीत, कारण त्यांत आठ पिनांची वायर नसते. तिथेही ते मागे पडले तर पडद्यावरच्या आकड्यांचे फोटो, बिल आणि खोका घेऊन वॉरंटीत दुकानाकडे जा. दुकानाने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बिलावर कार्डाचा अनुक्रमांक लिहिलेला नसेल तर तो आजच दुकानदाराकडून लिहून घ्या.